भांडणासाठी घातलेला बांध

भाऊबीजेला माझं माहेर दोनदा येतं. आधी भिंतीच्या अलीकडं, मग भिंतीच्या पलीकडं. दोन्हीकडं पाट मांडतात, दोन्हीकडं रांगोळी असते, दोन्हीकडं करंज्या खाव्या लागतात, आणि एकीकडं कमी खाल्ल्या तर दुसरीकडं कळतं. कसं कळतं ते मला अजून समजलेलं नाही.

मी सासरी इंदापूर तालुक्यात. डाळिंबाची बाग, दोन म्हशी आणि हळू बोलणारा नवरा, असा माझा संसार. सकाळची एसटी धरून बारामतीला उतरायचं, डेपोत दुसरी गाडी मिळेपर्यंत पिशवी मांडीवर घेऊन बसायचं आणि मग पणदऱ्याच्या अंगाला माहेरच्या फाट्यावर उतरून चालत जायचं. हल्ली घरी परतल्यावर मी थेट आडवीच होते. वय झालं म्हणून थकतेस, असं लेक म्हणते. वय झालंय हे खरं, पण मला थकवा येतो तो त्या भिंतीचा.

नोकरीत असताना मी प्राथमिक शाळेत शिक्षिका होते. म्हणजे मुलांना शिकवलंच, पण निवडणूक लागली की बोटाला शाई लावायला कुठल्या ना कुठल्या गावी जावं लागायचंच. ग्रामपंचायत, झेडपी, विधानसभा, लोकसभा, सगळ्यांची बोटं मी रंगवली. बोट पुढं करणाऱ्याच्या तोंडाकडं बघून त्याचं मत कुठं जाणार ते मला कळायचं, असं नाही. पण ते त्यानं स्वतः ठरवलेलं नाही, हे मात्र कळायचं. आमच्याकडं मत आधी घरात पडतं, मग भावकीत पडतं, मग टपरीवर चहा पिता पिता पक्कं होतं. केंद्रावर माणसं नुसती बटण दाबायला येतात. साहेब लोक मतदानाचा टक्का वाढला म्हणून खूश व्हायचे. मी मनात म्हणायची, वाढला कसला, ट्रॅक्टर-ट्रॉली वाढल्या.

पण दुसऱ्यांच्या गावाला हसायचा मला काही अधिकार नाही. आमच्या घरानं जे केलं ते कुणी केलं नसेल.

गावात तेव्हा दोन पॅनेल होती. पुढारी दोन, तेही लांबचे चुलतभाऊच. त्यांचं वैर गावात सगळीकडं मुरलेलं होतं. देवळाच्या जत्रेत, दूध संस्थेत, तालमीत. पण खरी ओढाताण चालायची ती गावच्या लिफ्टवर. नदीवर मोटारी बसवून गावाच्या वरच्या रानाला पाणी आणायची ती आमची सहकारी योजना. लिफ्ट ज्याच्या हातात, पाण्याच्या पाळ्या त्याच्या हातात. जिंकलेल्या पॅनेलच्या माणसाचं रान आधी भिजायचं, हरलेल्याची पाळी आली की मोटार बिघडायची. कुणी तसं लिहून ठेवलेलं नव्हतं. मोटारच तशी बिघडायची.

आमचे वडील, त्यांना सगळे आबा म्हणायचे, एका निवडणुकीत हरणाऱ्या पॅनेलमागं उभे राहिले आणि त्या उन्हाळ्यात आमच्या उसाची पानं भाकरी शेकल्यासारखी करपली. पुढच्या दिवाळीला मी माहेरी आले होते, मोठी लेक तेव्हा कडेवर होती. आम्ही सगळे जेवायला बसलो होतो. दोन्ही भाऊ माझ्याहून लहान, नुकती लग्नं झालेले, एका ताटात जेवणारे. आबांनी हात धुतला आणि सांगितलं, की ह्यापुढं आपलं घर एका पॅनेलमध्ये राहणार नाही. थोरल्यानं एकीकडं जायचं, धाकट्यानं दुसरीकडं. कोण का निवडून येईना, एका भावाची पाळी वेळेवर येईल आणि त्या पाण्यात दोघांचं रान भिजेल.

गावात अशी घरं होती. दोन्ही डगरींवर हात ठेवणं आमच्याकडं काही पाप नाही. पण आबा हुशार होते, आणि जास्त हुशार माणूस नेहमी एक पाऊल पुढं टाकतो. ते म्हणाले, नुसतं दोन पॅनेलमध्ये गेल्यानं भागणार नाही, पुढारी काय दूधखुळे नाहीत. दोघांचं फाटलंय असं गावाला दिसलं पाहिजे. तू मारल्यासारखं कर, मी रडल्यासारखं करतो.

मग भांडण कशावरून दाखवायचं ह्याचा विचार सुरू झाला. थोरला म्हणाला मोटारीवरून म्हणू. आई म्हणाली बायकांवरून म्हणा, लोकांना लगेच पटतं. त्यावर दोन्ही सुना एकदम तिच्याकडं बघायला लागल्या. धाकट्यानं पाण्याचा तांब्या खाली ठेवला.

"बांधावरनं म्हनू," तो म्हणाला. "बांधाचं भांडान कुनाला खोटं वाटत न्हाय."

सगळ्यांना पटलं. अडचण एकच होती, की आमच्या रानात बांधच नव्हता. वाटणी झालेली नव्हती, दोघं भाऊ एकाच पट्ट्यात राबत होते. बांध कोरून रान दाबल्याचं भांडण करायला आधी बांध तर पाहिजे. म्हणून दिवाळी सरल्यावर दोघांनी मिळून रानाच्या मधोमध नांगर घातला, माती ओढली आणि एक सरळ बांध तयार केला. मी तेव्हा अजून माहेरीच होते, दोघांची न्याहरी घेऊन मीच रानात गेले. थोरला एका टोकाला दोरी धरून उभा होता, धाकटा दुसऱ्या टोकाला, आणि दोघं हसत होते. धाकटा म्हणत होता, बघ रं, तुझ्याकडं जास्त येतंय, पुढं भांडशील. त्या नव्या बांधावर बसून आम्ही तिघांनी भाकरी खाल्ली.

आठवडाभरानं चौकात, चहाच्या टपरीसमोर, दोघांचं भांडण झालं. थोरल्यानं आवाज चढवला, धाकट्यानं गचांडी धरली, सदऱ्याची गुंडी तुटली. गावानं सोडवलं. पुढं दोन दिवस समजूत घालायला माणसं येत होती आणि आबा पडक्या चेहऱ्यानं त्यांना चहा पाजत होते. आईनं ती गुंडी पुन्हा लावताना तोंडाला पदर लावला होता. बाहेरून आलेल्या बाईला वाटलं, म्हातारी रडतेय.

आबांचं गणित बरोबर निघालं. पुढं कुणीही जिंकलं तरी आमचा ऊस हिरवा राहिला. दोघं भाऊ चौकात एकमेकांकडं पाठ करून बसायचे, घरी येऊन एका घोंगडीवर लोळायचे आणि कुणाच्या पुढाऱ्यानं काय सांगितलं त्याच्या नकला करायचे. मी सासरहून आले की मला ते सगळं साग्रसंगीत ऐकवायचे. हसून हसून पोट दुखायचं माझं.

भिंत आली ती धाकट्याच्या पुढाऱ्यामुळं. त्याला संशय आला होता. भावाशी वैर आहे आणि एका छपराखाली झोपतोस, असं त्यानं दहा माणसांत विचारलं. मग आबांनीच गवंडी बोलावला. अंगणाच्या मधोमध भिंत घातली, चुली वेगळ्या केल्या. फक्त मागं, गोठ्याजवळ, माणूस वाकून जाईल एवढं खिंडार ठेवलं. बाहेरून ते दिसायचं नाही, पुढं कडब्याची गंज होती. त्या खिंडारातून कालवणाच्या वाट्या ये-जा करायच्या, पोरं रांगत ह्या घरातून त्या घरात जायची आणि आई दिवसातून कितीदा तरी वाकायची.

पोरं शाळेत जायला लागल्यावर ते खिंडार त्यांना बंद झालं. पोरांच्या पोटात काही राहत नाही. चौथीतली पोरगी वर्गात सांगून मोकळी झाली असती, की आमच्या बाबांचं आणि काकांचं भांडण खोटं आहे. त्यामुळं पोरांना खोटंच खरं म्हणून सांगितलं गेलं. मोठी झाली की सांगू, असं ठरलं होतं. पोरं मोठी झाली. कॉलेजात गेली, नोकरीला लागली. कुणी सांगितलं नाही. एकदा थोरल्याचा मुलगा मला म्हणाला, आत्या, तू त्यांच्या घरात जातेस हे आम्ही चालवून घेतो, पण तिथलं इथं सांगत जाऊ नकोस. चालवून घेतो म्हणे. त्याला मी पाळण्यात घातलं होतं. सांगायचं ते एकच होतं आणि ते सांगायची मला परवानगी नव्हती.

तरी तोवर ते नाटकच होतं, असं मी धरून चालते. नाटक कधी संपलं ते मला नीट माहीत आहे.

आबा आजारी पडले आणि त्यांना बारामतीला दवाखान्यात ठेवलं. थोरला तिथं दिवसभर असायचा आणि त्याच्या पॅनेलची माणसं बाहेर बाकड्यांवर बसलेली असायची. आजारी माणसाला बघायला येणं हेही आमच्याकडं राजकारणातच धरतात. धाकटा त्यांच्यासमोर येऊ शकत नव्हता. आला तर दोघं भाऊ एका खाटेपाशी उभे दिसले असते आणि इतक्या वर्षांचं सोंग उघडं पडलं असतं. म्हणून दोघा भावांनीच ठरवलं, की धाकट्यानं पहाटे, बाकडी रिकामी असताना यायचं. तो यायचा. आबांचं अंग पुसायचा, दाढी करायचा, दूध पाजायचा आणि उजाडायच्या आत निघून जायचा. मी तेव्हा दवाखान्यात सोबतीला होते, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. जाताना तो आणि थोरला जिन्यात एक मिनिट उभे राहायचे, एकमेकांच्या हातात हात घेऊन.

आबा गेले. त्यानंतर ग्रामपंचायत लागली आणि धाकटा आमच्याच वॉर्डातून उभा राहिला. समोरच्या पॅनेलनं प्रचाराच्या शेवटच्या सभेत थोरल्याला बोलायला उभं केलं. सख्ख्या भावानं विरोधात बोलावं ह्यापेक्षा मोठं हत्यार नाही. मी तिथं नव्हते, आईनं मला सांगितलं. ती धाकट्याच्या ओट्यावर बसली होती, धाकटा शेजारी बसून बूट पुसत होता आणि चौकातल्या कर्ण्यातून थोरल्याचा आवाज येत होता. रस्त्याचं बोलून झालं, दिव्यांचं बोलून झालं. मग तो म्हणाला:

"जो मरत्या बापाला बघायला दवाखान्यात आला न्हाय, त्यो तुमच्या दारात कवा येनार?"

टाळ्या पडल्या, असं आई म्हणाली. तिला टाळ्यांचं जास्त लागलं होतं. धाकटा बूट तसाच हातात धरून बसला. त्या दिवशी तो जेवला नाही. मतदान झालं, तो थोड्या मतांनी निवडून आला. गुलाल धुऊन झाल्यावर त्यानं पहिलं काम केलं ते म्हणजे कडब्याची गंज हलवली आणि खिंडारात विटा रचायला घेतल्या. थोरला पलीकडून आला, वाकला आणि म्हणाला, अरे, भाषणात बोलावं लागतं, आपलं ठरलंय न्हवं. धाकट्यानं हातातली वीट ठेवली, तिच्यावर थापीनं सिमेंट ओढलं आणि दुसरी उचलली.

मी दोघांशी बोलले, खूप वर्षं बोलत राहिले. थोरल्याचं म्हणणं, मी काय मनानं बोललो का, ते वैर तर आम्ही मिळूनच घातलेलं, मग राग कसला. तो ते इतक्या सरळपणे म्हणतो, की चिडायचीही सोय नाही. धाकटा ह्या विषयावर माझ्याशी एकदाच बोलला.

"आक्का, समदं नाटक व्हतं, मान्य," तो म्हणाला. "पन दवाखान्यातलं तेवडं नाटक न्हवतं. तेवडंच त्यानं माईकवर नेलं."

पुढं सोंगाची गरज उरली नाही. दोघं खरोखरच विरोधात राबायला लागले, आणि खरं सांगायचं तर आधीपेक्षा चांगले राबायला लागले. पाणी मात्र अजूनही दोघांच्या रानाला मिळतं, कारण रानात पाणी आणणारी चारी एकच आहे. पाणी बांध बघत नाही.

आई थोरल्याकडं राहते. मतदानाच्या दिवशी दोन्ही घरांच्या गाड्या तिच्यासाठी दारात उभ्या असतात, एक अलीकडून, एक वळसा घालून. ती एकीतही बसत नाही. काठी टेकत पायी जाते. वॉर्डात जागा एकाहून जास्त असल्यानं बटणंही तेवढी दाबावी लागतात. ती एक ह्याच्या पॅनेलला दाबते, एक त्याच्या. दोघंही पुढारी तिचं मत आपल्यात धरतात. मी तिला एकदा म्हटलं, अगं, हे काय करतेस. ती म्हणाली, लेकांना वाटणी सारखीच असती. मग काठी भिंतीला लावत म्हणाली:

"तुज्या बापानं नाटाक बसवलं आन् गेला. पडदा पाडायचा कुनी, ते सांगून न्हाय गेला."

हे एवढं जे सांगितलं, ते ह्या वर्षी घडलं त्यासाठी.

ह्या वर्षी गावच्या दोन्ही पुढाऱ्यांची सोयरीक झाली. लांबच्या चुलतभावांत सोयरीक कशी, असं विचारू नका. एकाच्या मेव्हण्याची मुलगी, दुसऱ्याचा मुलगा. दोघंही म्हातारे झालेत, गावात तिसरंच एक तरुण पोरांचं पॅनेल उभं राहिलंय आणि त्याची भीती दोघांना सारखीच वाटते. लग्नात दोघांनी एकमेकांना फेटे बांधले, एकमेकांच्या गळ्यात पडले आणि ह्यापुढं गावात एकच पॅनेल, असं जाहीर केलं. ज्यांच्यापायी गावानं जत्रेचे दोन नारळ केले, सोयऱ्यांना पाणी विचारलं नाही, त्यांनी पंगतीत एकमेकांना जिलेबी भरवली. मला राग आला नाही. नुसतं बसावंसं वाटलं.

पण माणूस किती लोचट असतो. दिवाळीच्या आधी पणदऱ्याच्याही पुढं कामासाठी गेले होते. परतताना माहेरच्या फाट्यावर एसटी थांबली तेव्हा खिडकीतून भला मोठा फ्लेक्स दिसला. नव्या एकत्र पॅनेलचा. वर दोघं पुढारी, खाली ओळीनं कार्यकर्ते, आणि त्या ओळीत माझे दोन्ही भाऊ शेजारी शेजारी, एकाच रंगाचे फेटे घालून. मी शेजारच्या बाईला म्हटलं, ते बघा, माझे भाऊ. तिनं बघितलं आणि छान आहेत म्हणाली. मला भर गाडीत रडू आलं. इतक्या वर्षांत दोघांचा एकत्र फोटो मी पाहिला नव्हता. वाटलं, आता वैराचं कारणच उरलं नाही. ह्या भाऊबीजेला एकच पाट, एकच ताट. आईला तेवढं बघायचंय. मलाही तेवढंच बघायचंय.

भाऊबीजेला पोहोचले तर थोरल्याच्या अंगणात माणसं दिसली. नव्या पॅनेलचा एक कार्यकर्ता, कोरा पांढरा शर्ट घातलेला, मोबाईल घेऊन उभा होता. त्यानं पाया पडून सांगितलं, की आक्का, दोघांना एकत्र ओवाळा, फोटो ग्रुपवर टाकायचाय, गावात एकी झाली हे लोकांना दिसलं पाहिजे. माझ्या लक्षात आलं नाही असं नाही. सगळं लक्षात आलं. पण दोन पाट मांडलेले होते, जोडून, आणि मला फक्त ते पाट दिसत होते. खोटं तर खोटं. खोट्यातून वैर खरं झालं, तसं खोट्यातून प्रेमही खरं होईल की, असा हिशोब मी चुलीपाशी निरांजनाची वात वळताना केला. आबांचीच लेक मी.

धाकटा रस्त्यानं वळसा घालून आला. पाटावर बसला. थोरला त्याच्या शेजारी बसला, दोघांच्या डोक्याला फ्लेक्सवरचेच फेटे. दोघांचे गुडघे एकमेकांना लागले आणि दोघांनी ते तसेच राहू दिले. आईला खुर्ची दिली होती. मी दोघांना कुंकू लावलं, अक्षता लावल्या. फेट्यांखाली थोरल्याचे केस पांढरे झालेत, धाकट्याचे गेलेत. मला एकदम रानातला तो दिवस आठवला, दोरीची दोन टोकं धरून हसणारे. मी ताट ओवाळलं.

कार्यकर्ता म्हणाला, आक्का, परत एकदा करा, धाकल्या दादांनी मान खाली घातली व्हती.

मी परत ओवाळलं. ह्या वेळी धाकट्यानं मान वर केली आणि मोबाईलकडं बघून हसला. थोरलाही हसला. फोटो छान आला असावा, कारण कार्यकर्ता लगेच गेला. आईनं खुर्चीतून सगळं बघितलं होतं. ती उठली, काठी घेतली आणि आत जाता जाता माझ्याजवळ थांबली.

"तुज्या बापापरास चांगलं बसवलं ह्यांनी," ती म्हणाली.

थोरला काहीतरी बोलायला गेला. मला वाटलं, धाकट्याला थांब म्हणेल, करंजी खाऊन जा म्हणेल. त्यानं तोंड उघडलंही होतं. पण धाकटा उठला होता, फेटा काढून काखेत मारला होता. त्यानं माझे पाय शिवले आणि हळूच, फक्त मला ऐकू येईल असं म्हणाला:

"फोटूचं झालं, आक्का. आता घरी ये, खरं ओवाळ."

तो गेला. थोरला पाटावर बसून राहिला. मी त्याला म्हटलं, तूही चल माझ्याबरोबर. तो म्हणाला, त्यानं बोलावलं असतं तर आलो असतो. मग माझ्या ताटात ओवाळणी ठेवून तो म्हणाला, तू जा, तो वाट बघत असंल. ह्यात राग नव्हता. तोही दमलाय.

मी ताट घेऊन निघाले. खिंडार असतं तर वाकून दोन पावलांत पोहोचले असते. रस्त्यानं जायचं म्हणजे चार घरांपुढून जायचं. वाऱ्यानं निरांजन विझलं. एका ओट्यावरून बाईनं विचारलं, झाली का एकी, फोटो बघितला आम्ही आत्ताच. मी म्हटलं, झाली.

धाकट्याच्या घरात पाट मांडलेला होता, एकच. तो टोपी घालून बसला होता. त्याची मुलगी, माझी भाची, बारामतीला कॉलेजात शिकते. ती शेजारी मोबाईलमध्ये तोच फोटो बघत बसली होती. मी काडी ओढून वात पुन्हा लावली. भाचीनं फोटो मोठा केला, काकाचा चेहरा नीट बघितला आणि मोबाईल खाली ठेवला.

"बाबा, आता तर समदे एक झाले," ती म्हणाली. "तुमचं भांडान नेमकं कशावरनं झालं व्हतं?"

मी ताट हातात घेऊन थांबले. आबा नाहीत, जुनी पॅनेल नाहीत, आता सांगायला काय हरकत होती. बोल, मी मनात म्हणत होते, सांग तिला. निदान दवाखान्याचं सांग. धाकट्यानं माझ्याकडं बघितलं नाही. लेकीकडं बघून, अगदी सहज, जुनं दुखणं सांगावं तसं तो म्हणाला:

"बांधावरनं. माझा बांध कोरला व्हता त्यानं."

मी त्याच्या तोंडाकडं बघत राहिले. वाटलं, आता हसेल, पूर्वी हसायचा तसा. तो हसला नाही. त्याच्या कपाळाची शीर ताठ झाली होती, बांध कोरला गेलेल्या माणसाची होते तशी. भाचीनं मान हलवली. तिला पटलं होतं. बांधाचं भांडण कुणाला खोटं वाटत नाही.

वात नीट पेटली होती. मी त्याला ओवाळलं.